बोलणारी डेअरी

सांगलीत विश्रामबागेला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक त्याला सॉफ्टवेअर कंपनी म्हणत. कंपनीत मालक, मी आणि एक टेबलफॅन एवढेच कायम. खाली गहू दळायला लागले की मॉनिटरवर पांढरा थर चढायचा, आणि संध्याकाळी मी घरी निघायचो तेव्हा इंजिनिअर कमी आणि गिरणीवाला जास्त दिसायचो.

मी मूळचा साताऱ्याचा. कॉम्प्युटरची पदवी घेतलेला आमच्या गल्लीतला पहिलाच. त्यामुळे वडील पोवई नाक्यावर दिसेल त्या माणसाला थांबवून सांगत, ‘पोरगं कॉम्प्युटरमध्ये आहे.’ कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नेमकं काय करतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिले काही महिने मलाही नव्हतं.

नंतर कळलं. सांगलीतल्या धंदेवाल्यांना हिशेबाचे प्रोग्राम लिहून द्यायचे. हळदीच्या अडत्याला एक, माधवनगरच्या कापड गिरणीला पगाराचा एक, बेदाण्याच्या व्यापाऱ्याला एक. प्रत्येकाची ठाम समजूत की आपल्यासारखा धंदा जगात दुसरा नाही, आपल्याला खास प्रोग्राम पाहिजे. मग मी जुनाच प्रोग्राम घ्यायचो, वरचं नाव बदलायचो, रंग निळ्याचा हिरवा करायचो आणि महिनाभर कपाळाला आठ्या घालून बसायचो. फार सुखाची नोकरी होती.

मग बाजारात हिशेबाचं तयार पॅकेज आलं. एका फ्लॉपीत सगळं. खतावणी, ताळेबंद, विक्रीकर, माझा महिनाभराचा घाम आणि आठ्या, सगळं त्या चौकोनी चकतीत. अडत्याच्या दिवाणजीनं ते दुपारच्या जेवणाआधी चालू केलं आणि जेवणानंतर मला फोन करून सांगितलं, ‘तुमच्यापेक्षा हे बरं हाय. उलटून बोलत न्हाई.’

मालकांनी मला समोर बसवलं आणि चहा मागवला. ते चहा मागवायचे तेव्हा बातमी वाईट असायची.

‘हे बघ, हिशेबाचे प्रोग्राम लिहायचं काम संपलं,’ ते म्हणाले. ‘आता आपण पॅकेज विकायचं. ते विकायला इंजिनिअर लागत नाही, इस्त्रीचा शर्ट लागतो.’

‘मग मी काय करू, सर?’

‘उंब्रजजवळच्या एका गावात दूध संस्थेचं काम आलंय. त्याचं तयार पॅकेज अजून कुणी काढलेलं नाही. ते चाललं आणि चेअरमननी मशीन ठेवून घेतलं, तर तू राहा. नाही तर तुझं तू बघ.’

एवढं बोलून त्यांनी माझा चहाही पिऊन टाकला. माझी नोकरी म्हशीच्या कासेला बांधली गेली होती आणि मला म्हैस पुढून की मागून धरतात हेसुद्धा माहीत नव्हतं.

उंब्रजपर्यंत मॉनिटर मी एसटीत मांडीवर घेऊन गेलो. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. मी वाद घातला तर म्हणाला, ‘टीव्ही हाय, बारा वर्षांखालचा धरलाय, उपकार माना.’

हायवे सोडून आत गेलं की गाव. डेअरी म्हणजे पत्र्याची एक मोठी खोली, समोर पिंपळाचा पार. सकाळ-संध्याकाळ बाया, बाप्ये, पोरंटोरं किटल्या घेऊन रांगेत उभी. फॅट मोजायचं यंत्र संस्थेकडे आधीपासून होतं, आणि त्या यंत्राशेजारी स्वतःच्या घरून आणलेल्या स्टुलावर आबा बसायचे.

आबांचं काम ओरडण्याचं. यंत्रावर आकडा आला की तो रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा ओरडायचा, म्हणजे सचिव वहीत तोच आकडा लिहितोय याची गावाला खात्री. साठीचा माणूस, मिशा झुबकेदार, आणि आपला आवाज हायवेपर्यंत जातो असा त्यांचा दावा. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण आबा आकड्याबरोबर शेराही मारायचे.

‘अकरा नंबर! चार लिटर! फॅट पाच दोन! वैनी, दूध आणलंसा का किस्नामाई?’

‘तीस नंबर! तीन लिटर! फॅट पाच! आरं, ह्ये दूध हाय का दुधाचा पावणा?’

रांग हसायची. वैनी पदर तोंडाला लावायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दुधातली किस्नामाई थोडी आटायची. चांगली फॅट लागली तर आबा कौतुकही तेवढ्याच जोरात करायचे, पण त्यात त्यांना गोडी नव्हती. माणूस साधाभोळा वगैरे अजिबात नव्हता. गरिबाला दोन शेरे जास्त, आणि चेअरमनच्या घरची किटली आली की आबांना हटकून खोकला यायचा आणि आकडा मिशीतल्या मिशीत पुटपुटला जायचा. मी हे सगळं पाहिलं आणि सोडून दिलं. कॉलेजात आम्हाला इनपुट, आउटपुट शिकवलं होतं. खोकला शिकवला नव्हता.

मी दूध मोजायच्या काट्याला एक वायर जोडली, यंत्राला एक वायर जोडली आणि दोन्ही कॉम्प्युटरमध्ये आणून सोडल्या. दूध ओतलं की लिटर आपोआप, फॅट आपोआप, भाव आपोआप, आणि शेवटी कर्रर्र करत एक चिठ्ठी बाहेर. लिहिणं नाही, ओरडणं नाही. सचिव खूश झाला. त्यानं आबांना सांगितलं, ‘आबा, उद्यापासनं तुमी आराम करा.’ आबांनी स्टूल उचललं आणि समोरच्या पारावर नेऊन ठेवलं. तिथं ते रोज येऊन बसायला लागले, तंबाखू मळत, आमचं वाटोळं कधी होतंय ते बघायला.

फार वाट बघावी लागली नाही. चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात. ज्यानं त्यानं ती घडी घालून टोपीखाली नाही तर कनवटीला लावली. आणि गावात पहिल्यांदाच शेजाऱ्याची फॅट किती लागली हे कुणाला कळेना. माझ्या लक्षात आलं की माणसाला स्वतःची फॅट कमी लागल्याचं एवढं दुःख होत नाही. बाजूच्याची किती लागली ते न कळल्याचं होतं.

‘तुजी किती लागली रं?’

‘कशाला पायजे तुला?’

‘मंजी जास्त लागली आसणार. चेअरमनचा पावणा न्हवं का तू!’

दोघा भावांची याच्यावरून झोंबाझोंबी झाली. कुणी म्हणालं, मशीन रात्रीचं आपोआप आकडे बदलतं. कुणी म्हणालं, मशीन मुकं हाय, मुक्याचा भरवसा काय. हायवेला एका खाजगी डेअरीचा टेम्पो उभा राहायला लागला, आणि त्यांनी हुशारीनं एक ओरडणारा माणूस ठेवला. आमची रांग आखडत चालली. चेअरमन म्हणजे टोपी कधीही न उतरवणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, ‘सायेब, दसऱ्यापातुर बगतो. न्हाईतर डबा उचला.’

डबा उचलणं म्हणजे मी उचलला जाणं. मी शिकलेली सगळी विद्या पणाला लावली. आधी पडद्यावरचे आकडे मोठे केले. रांगेतल्या निम्म्यांना ते दिसेनात आणि दिसले त्यांना वाचता येईनात. मग दोन दिवे लावले: चांगल्या फॅटला हिरवा, कमीला लाल. पहिल्याच सकाळी एका म्हातारीच्या दुधाला लाल दिवा लागला तर तिनं म्हशीला दृष्ट लागली म्हणून तिथंच मीठ-मिरच्या मागवल्या. मीठ माझ्या कीबोर्डवर पडलं.

शेवटी मीच ओरडायला बसलो. दुसरा इलाज नव्हता.

‘क्रमांक सतरा, पाच लिटर, स्निग्धांश सहा पूर्णांक चार!’

रांगेतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मग कुणीतरी म्हणालं, ‘रेडिओ लागला रं!’ आणि पत्रा उडेल असं लोक हसले. पारावरून आबांचा आवाज आला, ‘सायेब, मशीन बंद पडलं तर माणूस ठेवत्यात. हितं मशीन चालू आसताना माणूस कशाला?’ त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मालकांनीही फोनवर तेच विचारलं. ‘ओरडायला तुला ठेवायचं असेल तर कॉम्प्युटर कशाला? आणि कॉम्प्युटर असेल तर तुला कशाला?’

त्या दिवशी मी रागारागानं पारावर जाऊन आबांच्या शेजारी बसलो. चीड यंत्राची येत होती, गावाची येत होती, आणि सगळ्यात जास्त आबांची येत होती, कारण ते तंबाखू चघळत माझ्याकडे दयेनं बघत होते. चिडलेल्या माणसाला कधीकधी बरं सुचतं. मी म्हणालो, ‘आबा, तुमचा आवाज द्या.’

‘काय?’

‘तुम्ही एकदाच बोलायचं. मी तो आवाज मशीनमध्ये भरतो. मग रोज मशीन तुमच्या आवाजात ओरडेल.’

आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली. मला वाटलं, पोटावर पाय आल्याचं दुःख असेल. तसलं काही नव्हतं. ते विचारत होते, ‘मंजी मी घरात जेवत आसलो तरी हितं माजा आवाज?’

‘हो.’

‘मेलो तरी?’

‘तरी.’

‘मग चला की! बसलाय काय?’ एवढा मोठेपणा त्यांना गावानं आजवर दिला नव्हता. अट एकच घातली. नुसते आकडे बोलणार नाही, शेरे पाहिजेतच. ‘नुसता आकडा म्हंजी बिनमिठाचं कालवण. कोन खाईल?’

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही एका वर्गाची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मायक्रोफोन मांडला. तेव्हा मला मराठीचा पहिल्यांदा राग आला. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि पुढचे दहाचे टप्पे भरले की काम भागलं असतं. आपल्याकडे एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येकाचं तोंड वेगळं. एकोणसाठ म्हणायचं तर साठचा काही उपयोग नाही. आबा प्रत्येक आकडा असा म्हणायचे की जणू तो त्यांनीच शोधून काढलाय. ‘त्रेपन्न’ भरताना खिडकीखाली एक शेळी ओरडली. पुन्हा म्हणायला सांगितलं तर आबा म्हणाले, ‘एकदा झाल्यालं पुन्ना न्हाई.’ तेव्हापासून त्या डेअरीत त्रेपन्न नंबरच्या सभासदाचा पुकारा झाला की मागे शेळी ओरडते. सभासदानं आधी तक्रार केली, नंतर त्याला ते आवडायला लागलं.

शेरे भरायला सगळी दुपार गेली. वाईट दुधाचे, बऱ्या दुधाचे, उत्तम दुधाचे. माझं काम सोपं होतं. फॅट इतकी खाली असेल तर यातला एक, इतकी वर असेल तर त्यातला एक.

दसऱ्याच्या आधी मशीन बोलायला लागलं. पहिला आकडा स्पीकरमधून आला तेव्हा रांग दचकली आणि सगळ्यांनी आधी पाराकडे पाहिलं. आबा पारावर तोंड मिटून बसले होते, मिशीला पीळ देत. मग पाच-सहा जणांनंतर शेरा आला: ‘लई गोरं पानी हाय ह्ये!’ हास्याचा एकच स्फोट झाला. ज्याचं दूध होतं तोही हसला. दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट. हायवेच्या टेम्पोकडे गेलेले परत आले. काहीजण तर दूध नसताना नुसते ऐकायला येऊन उभे राहायचे. आपली नोकरी वाचली असं मी मनाशी म्हणालो आणि साताऱ्याला जाऊन आईच्या हातची पुरणपोळी खाऊन आलो.

परत आलो तर सचिव एसटी स्टँडवरच उभा. चेहरा पांढराफटक. ‘चेअरमननी बोलवलंय,’ म्हणाला. ‘आत्ताच्या आत्ता.’

झालं होतं असं की सकाळी चेअरमनची थोरली सून किटली घेऊन आली, आणि मशीननं भर रांगेत, आबांच्या पूर्ण खड्या आवाजात जाहीर केलं, ‘एक नंबर! सहा लिटर! फॅट चार आठ! म्हस हिरीत पडल्याली का वो?’

चेअरमननी मला बसा म्हटलं नाही. ‘सायेब, मशीनला रीतभात न्हाई,’ ते म्हणाले. ‘ती शिकवा. न्हाईतर उचला.’

मी आबांना घेऊन पुन्हा शाळेत गेलो. या वेळी त्यांचं पुटपुटणं भरून घेतलं. खोकल्यासकट. आबांनी तो खोकला इतका मन लावून दिला की मला क्षणभर त्यांची काळजी वाटली. आता प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवायची होती: सभासद एक नंबरचा असेल तर पुटपुटणारा आवाज लाव. पण मी पडलो इंजिनिअर. मला वाटलं, चेअरमनचं दूध चांगलं असताना कशाला पुटपुटायचं, उलट दणक्यात सांगावं. म्हणून मी हुशारीनं अट घातली: एक नंबर असेल आणि फॅटही कमी असेल, तरच पुटपुट.

आबा चेअरमनच्या दुधाला कायमच खोकायचे, बरं असो वा वाईट. त्यामुळे आत काय दडलंय ते कुणाला कळायचं नाही. माझं मशीन मात्र चांगलं दूध ठणठणीत सांगायचं आणि वाईट दुधाला खोकायचं. गावाला हे कळायला एक सकाळ पुरली. स्पीकरमधून ‘खॉक खॉक’ झालं की रांगेत हशा पिकायचा आणि मागून कुणीतरी विचारायचं, ‘आज किती पोहरं गेलं रं?’ पोरं शाळेत जाताना एकमेकांना खोकून दाखवायला लागली. चेअरमन पारावरून जाताना मोठी माणसंसुद्धा खोकायला लागली, आणि खरंच सर्दी झालेल्या माणसाची पंचाईत झाली.

चेअरमननी मला परत बोलावलं. मी मनातल्या मनात कपडे भरले होते. ते टोपी काढून बसले होते. टोपीखाली टक्कल आहे हे मला तेव्हा कळलं.

‘ती खोक बंद करा,’ ते म्हणाले. ‘सगळ्यास्नी बोलतंय तसंच मला बोलू द्या.’

‘आणि मशीन?’

‘मशीन कुटं जातंय आता? उचललं तर गाव मला उचलंल.’ मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, ‘आन घरात सांगितलंय, पान्याला हात लावायचा न्हाई म्हनून.’

असं माझं मशीन पास झालं. मालकांनी पेढे आणले आणि स्वतःचा चहा स्वतः प्यायले. बोलणाऱ्या डेअरीची बातमी पंचक्रोशीत पसरली होती, आणि मालकांनी हिशेबाचं पॅकेज विकायचं सोडून दूध संस्थांच्या दारात उभं राहायला सुरुवात केली. मला वाटलं, आता आपलं बस्तान बसलं. नव्या गावांना नवे प्रोग्राम लागतील, रंग निळ्याचा हिरवा करावा लागेल, कपाळाला आठ्या घालाव्या लागतील.

दुसरं मशीन गेलं सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात. धनगरांचं गाव, माळरान, पाण्याचा टँकर आला की सण. तिथं आम्ही उंब्रजकडची फ्लॉपी तशीच चालू केली. सकाळी पहिल्याच माणसाला स्पीकर म्हणाला, ‘दूध आणलंसा का किस्नामाई?’

तो माणूस उंच होता, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. त्यानं स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘हितं प्यायला पानी न्हाई,’ तो म्हणाला, ‘आन दुधात वततोय म्हनतंय व्हय ह्ये? पान्याची किंमत ठाव हाय का तुज्या डब्याला?’ काठी त्यानं उगारली नाही, पण टेकवली ती माझ्या पायाशेजारी. पाणी घातल्याचा आरोप त्या गावात चोरीपेक्षा मोठा होता. एवढं पाणी आणलंस कुठून, हा पुढचा प्रश्न होता. आम्ही स्पीकर काढला आणि सांगलीची एसटी धरली.

तेव्हा कळलं की टोमणे एका गावातून दुसऱ्या गावात नेता येत नाहीत. प्रत्येक गावाला आपल्याच माणसाचा आवाज पाहिजे आणि आपलेच टोमणे पाहिजेत. मी त्याच गावात परत जाऊन मायक्रोफोन मांडला. गावातला सगळ्यात फाटक्या तोंडाचा म्हणून ज्याला आणून बसवला, तो मायक्रोफोन बघून एकदम प्रमाण भाषेत बोलायला लागला. ‘आपल्या दुधाचा दर्जा समाधानकारक नाही,’ असं म्हणून त्यानं हात जोडले. शाळेत भाषणाला बक्षीस मिळालेलं होतं त्याला. दोन दिवस खटपट केली, पण माझ्यासमोर एकही माणूस नीट टोमणा मारेना. पँट-शर्टातल्या साहेबापुढे कोण तोंड सोडणार?

मालकांना मीच सुचवलं, आबांना घेऊन बघू. आबा आले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. त्यांनी मायक्रोफोनकडे पाहिलंही नाही. गावच्या हॉटेलात जाऊन बसले, चहा मागवला, आणि तिथल्या चहाला नावं ठेवायला लागले. मग तिथल्या मेंढ्यांना. मग मेंढ्यांच्या मालकांना. दुपारपर्यंत अख्खं हॉटेल आबांवर तुटून पडलं होतं, कानडी मिसळून, आणि मी बाकाखाली मायक्रोफोन धरून बसलो होतो. एवढे अस्सल टोमणे मी आयुष्यात ऐकले नव्हते. परत येताना एसटीत आबा समाधानानं म्हणाले, ‘मानसाला चिडीवल्याबिगर मानूस खरं बोलत न्हाई, सायेब.’

त्यानंतर गावामागून गाव झालं. तासगाव, विटा, कडेगाव, इकडे कऱ्हाड, पाटण. आबा प्रत्येक ठिकाणी भांडण काढायचे आणि मी ते भरून घ्यायचो. मालकांनी आबांना पगारावर घेतलं. पद काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी ‘तांत्रिक सल्लागार’ असं ठरलं. आबांनी ते घरच्या दारावर रंगवून घेतलं.

मी तेव्हा फार खूश होतो. प्रोग्राम असा चोख चालायचा की नव्या गावात फ्लॉपी घालायची, संस्थेचं नाव टाकायचं, आवाज भरायचे, झालं. एकही चूक निघत नव्हती. एका दुपारी मालकांनी मला समोर बसवलं.

‘प्रोग्राममध्ये काही राहिलंय का?’

‘नाही, सर.’

‘काही बिघडतं का मधूनच?’

‘काहीच नाही,’ मी छाती काढून म्हणालो. ‘आता कुणीही चालवू शकेल.’

मालकांनी दाराबाहेर तोंड काढून चहा मागवला.

रागानं माझे कान तापले. मला वाटलं, हे पॅकेज मीच लिहिलं, मीच, आणि तेच मला बाहेर काढतंय. मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, ‘तुला पुण्यात कुठंही मिळेल. आबा गेले तर मला धंदा बंद करावा लागेल.’ त्या दिवसापासून आजवर मी कुठल्याही प्रोग्रामला पूर्ण झाला असं म्हटलेलं नाही, आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला हेच पहिलं शिकवलं.

जायच्या आधी मालकांनी एक काम सांगितलं. फ्लॉपी घालून मशीन चालू कसं करायचं ते आबांना शिकवायचं. मी नकार देणार होतो. पण आबा जिना चढून वर आले, दम लागलेला, टोपी पिठानं माखलेली, आणि खुर्चीच्या कडेला अवघडून बसले. त्यांना कळलं होतं. ‘सायेब,’ ते म्हणाले, ‘तुमी शिकल्यालं हायसा. तुमाला कुटंबी मिळंल. मला ह्या वयात कोन इचारतंय?’ पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता, पण जमेना.

मी त्यांना दाखवलं. ही फ्लॉपी, इथं घालायची. हे अक्षर दाबायचं. इथं गावाचं नाव. नाव टाकायला सचिवाला सांगा. मग हे मोठं बटण. आबांनी एक बोट ताठ केलं, विंचवाला हात लावावा तसं जपून ते बटण दाबलं आणि मागे सरकले. मशीन गुरगुरलं, पडदा उजळला, आणि त्यांचाच आवाज खोलीभर घुमला, ‘राम राम मंडळी! या दूध घिऊन!’

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. चिडवायचा हेतू नव्हता, खरोखरच नवल वाटलं होतं त्यांना.

‘येवडंच व्हय?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, ‘एवढंच.’